आमच्याकडे फोटो मागू नका

वसईतले देणगीदार, सण समित्या, युवक मंडळं आणि पोटापाण्यासाठी परदेशी गेलेली आपली माणसं, या सर्वांना

ख्रिस्तात प्रिय बंधू-भगिनींनो,

गेल्या नाताळच्या आधी आमच्या धर्मग्रामातले एक गृहस्थ आमच्याकडे आले. आम्ही म्हणजे संत विन्सेंट डी पॉल संस्थेची (एस.व्ही.पी.) गावातली कॉन्फरन्स, म्हणजे शाखा, बारा-तेरा प्रापंचिक माणसं. त्यांनी चाळीस कुटुंबांना पुरेल एवढा शिधा देऊ केला. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, रवा, मैदा आणि वर केकचा एकेक डबा. सामान त्यांनी स्वतः पारखून घेतलं होतं, त्यात हलकं काही नव्हतं. अट एकच होती. रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर, म्हणजे उपासनेनंतर, चर्चच्या अंगणात बॅनर लावायचा, कुटुंबांना रांगेत उभं करायचं आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी देताना फोटो काढायचा.

आम्ही बैठक घेतली, बराच वेळ बोललो आणि नाही म्हणालो. सामान द्या, आम्ही घरोघर पोचवतो, फोटो मात्र नको, अशी विनंती केली. त्यांना वाईट वाटलं. ते सामान दुसरीकडे गेलं. तिकडच्या चाळीस घरांत नाताळ बरा झाला असेल तर मला आनंदच आहे.

पण त्यानंतर गावात कुजबुज सुरू झाली. एस.व्ही.पी.वाल्यांना माज आलाय. हिशोब दाखवायचा नाही म्हणून फोटोला नकार देतात. आलेलं अन्न परत पाठवलं, गरिबांच्या तोंडचा घास काढला. शेवटचं वाक्य मी बाजारात भाजी घेताना माझ्या पाठीमागे ऐकलं. त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून हे पत्र. त्या गृहस्थांवर माझा राग नाही, त्यांचं मन मोठं आहे. त्यांच्यासारखं मागणारे आता वर्षाला पंधरा-वीस जण भेटतात आणि प्रत्येकाला वेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांसमोर सांगावं असं वाटलं.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला हक्क नाही.

2020 च्या टाळेबंदीत आम्ही रोज फिरत होतो. कामं बंद, रेल्वे बंद, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका, केटरिंगमध्ये वाढपी म्हणून जाणारी मुलं, सगळ्यांच्या घरात एकदम अंधार. देणगीदार भरभरून देत होते आणि सगळे म्हणत होते, फोटो पाठवा, म्हणजे आणखी चार जणांना सांगता येईल. मी एका घरी गेले. आई, आजी आणि आठवीतला मुलगा. आईने दार उघडलं, मी तांदळाची पिशवी पुढे केली आणि दुसऱ्या हाताने मोबाइल वर धरला. आजीने पदर ओढून तोंड भिंतीकडे केलं. मुलगा मात्र हसला. त्याला वाटलं, टीचर फोटो काढतेय तर हसायचं असतं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं मी. वर्गाचा फोटो काढताना ‘हसा रे’ म्हणून मीच मुलांना सांगायचे.

फोटो मी नऊ माणसांना पाठवला. संध्याकाळपर्यंत तो गावभर झाला. शाळा सुरू झाल्यावर एका मुलाने त्याला चारचौघांत म्हटलं, तुमच्या घरी आमच्या पप्पांचे तांदूळ आले होते. त्याने रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणं सोडलं. पुढच्या महिन्यात त्याची आई आमच्या ओट्यावर आली. आम्ही तेल घालून दिलेला डबा तिने घासून पुसून परत आणला होता. म्हणाली, टीचर, पुढच्या महिन्यापासून नको, आमचं आम्ही बघतो. त्या वेळी त्या घरात कोणाच्याही हाताला काम नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी तिला पुष्कळ समजावलं. ती बसलीसुद्धा नाही.

तो फोटो मी माझ्या मोबाइलमधून काढून टाकला. इतरांच्या मोबाइलमधून मला तो काढता येत नाही.

आता ही संस्था आली कुठून, ते थोडं सांगते, कारण आपल्यातल्या अनेकांना वाटतं की ही फादरांनी नेमलेली एक कमिटी आहे. तसं नाही. ही प्रापंचिकांनी सुरू केलेली आणि प्रापंचिकांनीच चालवायची संस्था आहे. फादर आमचे आध्यात्मिक मार्गदर्शक असतात, अध्यक्ष आम्ही आमच्यातून निवडतो. पॅरिसमध्ये 23 एप्रिल 1833 रोजी फ्रेडरिक ओझानाम नावाचा कायद्याचा विद्यार्थी आणि त्याचे काही मित्र एका वृत्तपत्राच्या कचेरीत जमले. त्या दिवशी ओझानाम बरोबर वीस वर्षांचा झाला होता. आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसं गेली होती. विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळात कोणीतरी त्यांना खडा सवाल टाकला होता की तुमच्या चर्चने पूर्वी केलं असेल, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता? सांगतात की ओझानाम आणि त्याच्या एका मित्राने हिवाळ्यासाठी ठेवलेलं आपलंच उरलेलं सरपण उचललं आणि एका गरिबाच्या घरी नेऊन दिलं. पण कोणाकडे जायचं, काय बोलायचं, हे त्या पोरांना कुठे माहीत होतं? ते शिकवलं सिस्टर रोझली रांद्यू यांनी. त्या मुफ्तार रस्त्याच्या वस्तीत वर्षानुवर्षं घरोघर जात होत्या. त्यांनी मुलांना पत्ते दिले, भाकरीची आणि लाकडांची कुपनं दिली आणि घरात कसं शिरायचं तेही सांगितलं. ओझानाम पुढे सोरबोनमध्ये प्राध्यापक झाला, संसार केला, एक मुलगी झाली आणि चाळिसाव्या वर्षी, 1853 साली गेला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1997 साली पॅरिसमध्ये त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचा, घोषित केलं. संस्था आज सुमारे दीडशे देशांत आहे.

तेव्हापासून आजपर्यंत आमच्या कामाचा कणा एकच आहे, घरभेट. दोघांनी जायचं, एकट्याने नाही. तिथे जे दिसलं, जे ऐकलं, ते कॉन्फरन्सबाहेर न्यायचं नाही. आपल्या नवऱ्याला, बायकोला, जावेला, कोणालाही सांगायचं नाही. जात, धर्म, मिस्साला येतो की नाही, हे विचारून मदत ठरवायची नाही. आमच्या वहीत कुटुंबांना क्रमांक आहेत. कुटुंब 7, कुटुंब 19. कोणाचं नाव काय, ते फक्त भेट देणाऱ्या दोघांना आणि अध्यक्षांना माहीत असतं.

आणि आमची ती पिशवी. प्रत्येक बैठकीच्या शेवटी गुप्त दान गोळा करायचं, हा संस्थेचा जुना रिवाज आहे. आमची पिशवी गडद कापडाची, तोंडाशी नाडी असलेली, एका सभासद बहिणीने शिवलेली. ती हातोहात फिरते. प्रत्येकाने मूठ मिटून हात आत घालायचा आणि मूठ मिटूनच बाहेर काढायचा. पाचशे टाकले की पाच, की काहीच नाही, शेजाऱ्याला कळता कामा नये. आमच्यातला एक सभासद एका वर्षी कित्येक महिने रिकामी मूठ आत घालत होता. त्याची नोकरी गेली होती. आम्हाला हे फार उशिरा कळलं आणि तेही त्याने स्वतः सांगितलं म्हणून. तेवढे सगळे महिने तो आमच्याबरोबर इतरांच्या घरी जात होता, बसत होता, त्यांचं ऐकत होता. ती पिशवी नसती आणि पावतीपुस्तक फिरलं असतं, तर तो दुसऱ्या आठवड्यातच यायचा बंद झाला असता.

हे झाकून देणं काही फ्रान्समधून नव्याने आलेलं नाही. आपल्या वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज काळात मिझेरिकॉर्दिया होती. प्रापंचिकांचंच दयाकार्याचं बंधुमंडळ. असलं पहिलं मंडळ लिस्बनला 1498 साली निघालं, मग जिथे जिथे पोर्तुगीज गेले तिथे तिथे त्याची शाखा झाली. त्या मंडळांमध्ये एका प्रकारच्या गरिबांना वेगळं नाव होतं, लाजणारे गरीब. चांगल्या घरची, पण दिवस फिरलेली माणसं, ज्यांना दारोदार हात पसरता येत नाही. त्यांच्याकडे गुपचूप जायचं, असं ठरलेलं होतं. किल्ल्यातल्या पडक्या भिंतींपाशी आपण सहलीला जातो, फोटो काढतो. तिथे एके काळी लाजणाऱ्या गरिबांची अब्रू सांभाळणारी माणसं बसत होती, हे मला कळलं तेव्हा मी साठीला आले होते.

लाजणारे गरीब आज वसईत कोण आहेत? बाहेरच्या माणसाला आपली वसई पाहून खरं वाटणार नाही. बंगले, गाड्या, हॉलमध्ये हजार पानांची लग्नं. पण तुम्ही इथलेच आहात, तुम्हाला सात-बारा ठाऊक आहे. मी एका घराबद्दल सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता. मोठं कौलारू घर, पुढे ओटा, मागे वाडी. सात-बाऱ्यावर चौदा नावं, त्यातली काही माणसं वारलेली, काही परदेशी, दोघांचं भांडण कोर्टात. विकता येत नाही, वाटता येत नाही, कसायला घरात पुरुषमाणूस नाही. कागदावर ती बाई लक्षाधीश आहे. रेशनकार्डवाल्याने तिच्या घराकडे बघून तिला कधी गरीब म्हटलं नाही. आम्ही दोघी गेलो तेव्हा तिने आम्हाला लग्नातल्या कपबशा काढून काळा चहा दिला. दूध नव्हतं हे तिने सांगितलं नाही, मला काळाच आवडतो म्हणाली. गॅस संपला होता, मागच्या पडवीत नारळाच्या झावळ्यांवर चूल पेटली होती. फळीवर औषधाची पाकिटं होती आणि बाजूला कात्री. माझ्याबरोबरच्या बहिणीने सहज विचारलं, कात्री कशाला? रक्तदाबाच्या गोळ्या ती मधोमध कापत होती. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवत होती.

आता मला सांगा, हिला रांगेत कसं उभं करू? आणि तिला काय देऊ, पाच किलो तांदूळ? तिला हव्या होत्या पूर्ण गोळ्या. औषधाच्या दुकानात आम्ही आमच्या कॉन्फरन्सच्या नावाने खातं उघडलं. दुकानदाराला कुटुंबाचा क्रमांक दिला. दर महिन्याला पाकीट जातं. त्याचा फोटो काय काढणार?

हेच मला तुम्हाला मनापासून सांगायचं आहे. ज्या गोष्टींनी घर तगतं, त्यांचा फोटो निघतच नाही. भाड्याच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपतो, मालक अनामत वाढवून मागतो आणि दहा-पंधरा हजारांसाठी आख्खं कुटुंब रस्त्यावर यायची वेळ येते. डायलिसिसचा खर्च सरकारी योजनेतून भागतो, पण आठवड्याला तीन फेऱ्यांची रिक्षा कोणत्या योजनेत बसते? आणि सोबत जाणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज? परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या बापाबरोबर मुलगी पहाटेची लोकल पकडते, दिवसभर रांगेत राहते, बाहेर दोघांना दोन वेळचं खायला लागतं. बाप दारू पितो म्हणून आईने मुलांना घेऊन माहेर गाठलं, तिला शिवणयंत्र आणि पहिले तीन महिने पाठीशी कोणीतरी हवं. यातली एकही मदत पिशवीत भरून बॅनरखाली देता येत नाही. तिला रोख पैसा लागतो, वेळेवर लागतो आणि तो कोणाला दिला हे गावाला न सांगता द्यावा लागतो.

धान्याचं म्हणाल, तर ज्यांच्याकडे पात्र रेशनकार्ड आहे त्यांना 2023 पासून माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं. ज्यांच्याकडे नाही, त्यांचं कार्ड करून देणं हे दहा शिध्यांच्या पिशव्यांपेक्षा मोठं काम आहे. आमचे दोन सभासद तेच करतात. तहसील कचेरीत खेटे घालतात, दाखले गोळा करतात, कोणाच्या आधारकार्डावरचं चुकलेलं नाव दुरुस्त करून आणतात. त्यांचाही फोटो कधी कोणी मागितला नाही. त्यांना तर चहासुद्धा पदरचा प्यावा लागतो.

सण समित्यांना एक गोष्ट सांगते. संत विन्सेंट यांच्या चरित्रातली आहे, पण ऐकताना मला दर वेळी आपलं गावच आठवतं. 1617 साली ते फ्रान्समधल्या शातियों गावात धर्मगुरू होते. एका रविवारी मिस्साआधी त्यांना कळलं की गावाबाहेर एक अख्खं कुटुंब आजारी पडलंय, पाणी द्यायलाही कोणी नाही. त्यांनी प्रवचनात सांगितलं. दुपारी ते स्वतः निघाले, तर रस्ताभर बायकांची रीघ. प्रत्येकीच्या हातात भाकरी, मांस, काहीतरी. लोकांचं प्रेम पाहून त्यांना आनंद झाला आणि लगेच काळजी लागली. आज इतकं आलंय की निम्मं नासेल आणि उद्या परवा त्या घरात पुन्हा चूल थंड. त्यांनी तिथल्या बायकांना एकत्र बसवलं, पाळ्या लावून दिल्या. आज तू, उद्या ती. त्यातून त्यांचं पहिलं दया मंडळ उभं राहिलं.

आपला डिसेंबर म्हणजे शातियोंचा तो रविवार आहे. एका घरात तीन-तीन ठिकाणांहून केक येतो. आणि जून? 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद. पाचूबंदरपासून अर्नाळ्यापर्यंतच्या किनाऱ्यावर बोटी ओढून ठेवलेल्या, खलाशी म्हणून जाणाऱ्याच्या हातात दोन महिने काही नाही. जूनच्या मध्याला शाळा उघडते. वह्या, गणवेश, बूट, बसचे पैसे, वर्गणी, सगळं एकदम. छप्पर गळतं, ताडपत्री हवी. वाडीतली मजुरी कमी होते. घरात कोणाला तरी ताप येतो. 2018 च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, वीज गेली, तेव्हा तुम्ही सगळे धावलात, तराफ्यावरून दूध पोचवलंत, ते मी विसरले नाही. पण पूर न येताही दर वर्षी जून त्या घरांत येतोच. आमच्या पेटीत सगळ्यात कमी पैसे असतात ते याच महिन्यात, कारण नाताळात आलेलं आम्ही साठवून ठेवत नाही. साठवून ठेवायचं नाही, असा आमचा नियमच आहे.

म्हणून मागणं आहे. सणाच्या दिवशी वेदीसमोर वाहिलेल्या पहिल्या पिकाचा, केळीच्या लोंगराचा, भोपळ्यांचा, कोंबड्यांचा जो लिलाव होतो, त्यातला एक वाटा जूनसाठी लिहून ठेवा. हाऊझीच्या (तंबोलाच्या) शेवटच्या डावाचे पैसे जूनसाठी ठेवा. एका समितीने गेल्या वर्षी रोषणाईतली एक कमान कमी केली आणि ती रक्कम बंद पाकिटात आम्हाला दिली. पाकिटावर फक्त ‘गणवेश’ एवढंच लिहिलं होतं. त्या समितीचं नाव मी इथे लिहिणार नाही, त्यांनाच ते नको आहे.

युवक मंडळातल्या मुलांनो, तुमचा रद्दीचा उपक्रम मला सगळ्यात आवडतो. गावातून टेम्पो फिरवता, घरोघर वर्तमानपत्रं, पुठ्ठे, जुने पत्रे उचलता, घामाघूम होता. काढायचे तर याचे फोटो काढा. रद्दीच्या ढिगावर बसलेले तुम्ही, लिलावात बोली वाढवणारे काका, केकच्या स्टॉलवर पीठ चाळणाऱ्या मावश्या. देणाऱ्यांचे, राबणाऱ्यांचे फोटो हवे तेवढे लावा. त्यातून आणखी चार हात पुढे येतील. घेणाऱ्याचा चेहरा मात्र आपला नाही. तो आपण दिलेल्या तांदळाच्या बदल्यात मिळत नाही.

परदेशातल्या आपल्या माणसांना मी वेगळं लिहिते, कारण तुमची अडचण वेगळी आहे. तुम्ही आखातात, इस्रायलमध्ये, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहात. तुम्हाला गावची गल्ली डोळ्यांनी दिसत नाही. पैसे पाठवले, ते पोचले का, कोणाच्या कामी आले, हे कळावं असं वाटणं साहजिक आहे. शिवाय तुम्ही रात्रपाळ्या करून, एका खोलीत सहा जण राहून ते पैसे वाचवलेले असतात, हे मला माझ्या भाच्यांमुळे ठाऊक आहे. तुम्हाला कागद मिळेल. दर तीन महिन्यांनी आम्ही जमाखर्चाचा तक्ता देऊ. औषधं किती, शिक्षण किती, भाडं किती, किती कुटुंबांना. पावत्या आमच्याकडे आहेत, त्यांच्यावरची नावं झाकून दाखवू. एक मात्र आधी विचारून घ्या. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी आपल्या बँक खात्यातून रीतसर पाठवलेले पैसे कायद्याने विदेशी देणगी ठरत नाहीत. ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांचे मात्र 2010 च्या विदेशी देणगी कायद्यात येतात आणि परवानगी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत. आपलाच माणूस, आपल्याच गावासाठी पाठवतोय, तरीसुद्धा. तेव्हा पाठवण्याआधी एक फोन करा. वाईट वाटून घेऊ नका.

आता हिशोबाबद्दल, कारण कुजबूज त्याचीच जास्त होती. हिशोब मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तो आम्ही टाळला तर आम्हाला जाब विचारा, चर्चच्या दारात उभं करून विचारा. दर बैठकीला खजिनदार जमाखर्च वाचतो, वर्षाला तो तपासला जातो. ज्याला पाहायचा आहे त्याने फादरांसमोर बसून वही चाळावी. आमच्यापैकी कोणीही या पैशातून रिक्षाचं भाडंसुद्धा घेत नाही. पण फोटो म्हणजे हिशोब नव्हे. चाळीस पिशव्यांचा फोटो काढून एकेचाळिसावी पिशवी घरी नेणाराही असू शकतो, फोटोत ती दिसत नाही. वहीत दिसते.

मला एक कबूल केलं पाहिजे. फोटो दिले असते तर आमच्याकडे जास्त पैसे आले असते. हे मी गेल्या पाच वर्षांत पाहिलं आहे. काही मोठे देणगीदार आम्हाला सोडून गेले आणि त्यामुळे दोन कुटुंबांना आम्हाला ‘थोडं थांबा’ म्हणावं लागलं. ‘थांबा’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायला मला जड गेलं. आमच्या बैठकीतही एकमत नाही. एक बंधू म्हणतात, उपाशी माणसाला अब्रूपेक्षा भाकरी आधी लागते, आपण आपल्या तत्त्वापायी त्याला उपाशी ठेवतोय का? या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नाही. मला एवढंच माहीत आहे की तेलाचा तो घासलेला डबा माझ्या ओट्यावर परत आला होता, घरात काही नसताना. तिने स्वतः निवडलं होतं काय आधी लागतं ते.

दर वर्षी राखेच्या बुधवारी आपण कपाळावर राख घेतो, तेव्हा मत्तयच्या शुभवर्तमानातला कोणता भाग वाचला जातो, आठवा. दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. दर वर्षी तोच उतारा, एकदाही बदलत नाही. आपण सगळे तो उभे राहून ऐकतो. मोबाइल तेव्हाही खिशात असतो.

ज्या गृहस्थांपासून हे पत्र सुरू झालं, त्यांना मी ईस्टरनंतर त्यांच्या घरी जाऊन भेटले. त्यांनी बसायला दिलं. मी त्यांना कुटुंबाचं नाव न सांगता कात्रीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, माझ्या आईनेही गोळ्या अशाच कापल्या होत्या, आम्ही लहान होतो. निघताना त्यांनी काही दिलं की नाही, ते मी लिहिणार नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी तिन्ही मिस्सांनंतर आम्ही चर्चच्या मागच्या दाराशी ती गडद पिशवी घेऊन उभे राहू. पावतीपुस्तक शेजारच्या टेबलावर असेल, ज्यांना हवं त्यांच्यासाठी. पिशवीशी आलात तर मूठ मिटून हात घाला. त्या महिन्यात ज्यांच्या घरी ओढाताण असेल त्यांनीही या, रिकामी मूठ घालून जा, आम्हाला कळणार नाही. कोणाला आपल्याच घरासाठी आमच्याशी बोलायचं असेल तर पिशवीत एक चिठ्ठी टाका, फोन नंबर लिहा, नाव नको. दोघं जण येतील, अंधार पडल्यावर या म्हणालात तर अंधार पडल्यावर येतील.

आणि रद्दी दोरीने बांधून आदल्या रात्री ओट्यावर ठेवा, पावसात भिजणार नाही अशी आतल्या बाजूला. मुलं सकाळी सातला टेम्पो घेऊन निघतात.

तुमची,
संत विन्सेंट डी पॉल संस्थेची एक सेविका, निवृत्त शिक्षिका
वसई